भिऊ नका म्हणणारा शर्ट

राग आला की कपडे धुवायला बसायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. त्या महिन्यात घरातला एकही कपडा मळका उरला नव्हता. "बाई, तुझं आणि तुझ्या सरांचं अजून आठवडाभर टिकलं ना," वहिनी म्हणाली, "तर मी पडदेसुद्धा काढून देते." दादा खो खो हसला. तिला हसू आलं नाही. तिने बादलीतला टॉवेल असा काही पिळला की त्याच्या जागी कोणाची मान आहे हे विचारायची गरज नव्हती.

भांडण माकडांवरून होतं. गावामागच्या टेकडीवर माकडांची एक टोळी होती, आणि ती टोळी म्हणजे तिचं काम, तिची पदवी आणि खरं सांगायचं तर तिचं निम्मं आयुष्य. माकड नवी गोष्ट कशी शिकतं, कोणाचं बघून शिकतं, कोणावर विश्वास ठेवतं आणि कोणाला उडवून लावतं, याचा ती अभ्यास करत होती. गावात तिला सगळे माकडवाली म्हणायचे. लग्नाच्या वयाची मुलगी दिवसभर माकडांच्या मागे हिंडते म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? तिला त्याचं काही वाटत नसे. माणसांपेक्षा माकडं बरी, निदान दात दाखवायचे ते तोंडावर दाखवतात.

या कामाची पहिली पायरी म्हणजे काहीच न करणं. रानातलं माकड माणूस दिसला की पळतं, आणि पळणाऱ्या माकडाचा काय अभ्यास करणार, कपाळ? म्हणून आधी जाऊन नुसतं बसायचं. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, खायला द्यायचं नाही, हाकलायचंही नाही. पहिलं वर्ष तिने असं बसून काढलं. सरही अधूनमधून येऊन शेजारी बसायचे. त्यात सरांच्या संशोधन संस्थेचा एक कडक नियम होता, शर्टाचा. मळकट पिवळा, पूर्ण बाह्यांचा, सगळ्यांना एकसारखा. टेकडीवर जायचं ते तो शर्ट घालूनच. या शर्टातला माणूस मारत नाही, पकडत नाही, पिल्लांच्या वाटेला जात नाही, हे माकडांच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. "भिऊ नका हे दोन शब्द शिंप्याकडून शिवून घेतले, तर ते असे दिसतील," असं सर नव्या विद्यार्थ्यांना सांगायचे. सरांना बोलता फार छान यायचं.

टोळीचा कारभार थोरलीकडे होता. थोरली म्हणजे एका डोळ्यावर पांढुरका डाग असलेली म्हातारी माकडीण. आकाराने मोठा असा एक नर होता, त्याला ती फौजदार म्हणायची. पण फौजदार नुसताच छाती काढून फिरायचा. पोरंटोरं तर दिवसभर बोंबलत असायची. वाऱ्यावर उडणारी पिशवी दिसली तरी ससाणा आला म्हणून किंचाळायची, आणि कोणी मान वर करून बघत नसे. पण थोरली एकदा जरी भुंकल्यासारखी ओरडली, की सगळी टोळी झाडांच्या शेंड्यांवर. म्हातारी उगाच ओरडत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. अशी ही थोरली दुसऱ्या वर्षी एक दिवस आली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, तिच्याकडे पाठ करून बसली. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे कोणी पाठ करून बसत नाही. त्या दिवशी घरी येऊन तिने वहिनीला मिठी मारली, तर वहिनी म्हणाली, "काय गं, सोयरीक जमली की काय?"

मग आली पेटी. लाकडी चौकटीची, वर पारदर्शक झाकण, आत फळाची फोड आणि झाकणाला कडी. कोण आधी उघडतं आणि मग कोण कोणाचं बघून शिकतं, एवढंच बघायचं होतं. मागवलेली खास कडी वेळेवर आलीच नाही, तेव्हा सर म्हणाले, "बाजारातून आण कुठली तरी." बाजारात दादाचंच हार्डवेअरचं दुकान. तिथून तिने एक कडी आणली. आधी अंगठ्याने दाबायची, आणि दाबून धरलेली असतानाच बाजूला सरकवायची. नुसती दाबली तर उघडत नाही, नुसती ओढली तर मुळीच नाही. असं काही माकडाला आपलं आपण सुचणं जवळजवळ अशक्य, म्हणून सरांना ती फार पसंत पडली.

माकडं महिनोन्महिने त्या पेटीवर नाचली, तिला चावली, तिच्यावर मुतली. शेवटी एका तरुण मादीला ते जमलं. तिचं बघून तिच्या बहिणीला, मग थोरलीला, आणि थोरलीला आलं म्हटल्यावर साऱ्या टोळीला. दमट हवेत चौकट फुगून झाकण अडकायचं, म्हणून कडी सरकवल्यावर चौकटीवर एक थाप मारायची, हेही ती शिकली. सर खूश, ती खूश, संस्थेत सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

एवढी शिकलेली माणसं, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की हीच कडी गावातल्या निम्म्या खिडक्यांना आहे. घरची स्वयंपाकघराची खिडकी ती स्वतः रोज सकाळी त्याच कडीने उघडत होती! माकडांचे हात बघण्यात सगळे एवढे गुंग, की आपल्या हाताने आपण काय उघडतोय हे कोणी बघितलंच नाही.

दुपारची वेळ होती. ती स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होती. खिडकीच्या मोडक्या काचेतून एक काळा, सुरकुतलेला हात आत आला. अंगठ्याने कडी दाबली गेली आणि दाबून धरलेली असतानाच बाजूला सरकली. मग त्या हाताने खिडकीच्या चौकटीवर एक थाप मारली. खिडकी काही अडकत नव्हती. वाऱ्यानेसुद्धा उघडली असती. तरीही थाप मारली. तिच्या हातातला पेला तसाच राहिला. माकड आत आलं, साखरेचा डबा उचलून खिडकीतून गेलं, आणि मागून वहिनी ओरडत आली, "अगं, बघत काय उभी राहिलीस? तुझं काय लागतं ते, पाहुणं?"

पुढे मग ऊतच आला. माकडं खिडक्या उघडून केळी नेऊ लागली, अंडी फोडू लागली, एका घरी तर पाळण्याजवळ जाऊन बसली आणि आईने आरडाओरडा केल्यावर तिलाच दात विचकून दाखवले. लोक खवळले. त्यांचं काय चुकलं? माकडाच्या हाती कोलीत दिलं असं आपण म्हणतो, या विद्वानांनी तर माकडाच्या हाती गावाच्या किल्ल्या दिल्या होत्या. पालिकेत मोर्चा गेला. टोळी पकडून कुठे तरी लांबच्या जंगलात सोडून या, असं ठरलं. लांबच्या जंगलात म्हणजे काय, हे पालिकेला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. तिथे आधीपासून दुसऱ्या टोळ्या असतात आणि त्या नव्या माकडांना जगू देत नाहीत. वाटेत पिंजऱ्यात मरतील ती वेगळीच.

ती तडक सरांकडे गेली. सर टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"सर, ती आपली कडी आहे. आपण शिकवलंय त्यांना."

"आपण कुठे शिकवलं?" सर म्हणाले. "आपण पेटी ठेवली. शिकली ती."

"खिडकीच्या चौकटीवर थाप मारतात, सर! ती थाप आपल्या पेटीची आहे. मी डोळ्यांनी बघितली. आपण पालिकेला सांगू या, चूक आमची आहे, कड्या बदला. वेगळी कडी आली की त्यांना उघडता येणार नाही. चार वेळा येतील, काही मिळालं नाही की टेकडीवर परत जातील."

सरांनी टोकावर फुंकर मारली. "बस आधी. पाणी घे. हे बघ, मी यावर एक लेख लिहितोय. रानटी माकडांनी माणसांच्या घरांच्या कड्या स्वतःहून उघडायला शिकणं. तुझं नाव पहिलं टाकतोय, माझं नंतर."

"स्वतःहून?"

"पेटीचा उल्लेख कशाला? आणि पालिकेने माझं मत मागितलं होतं, ते मी देऊन टाकलंय. टोळी स्वभावतःच उपद्रवी आहे, हलवलेली बरी. आपल्या संस्थेचं नाव यात आलं ना, तर टेकडीवरची परवानगी जाईल. माझी जाईल, तुझीही जाईल. तुझी पदवी हातातोंडाशी आलीय. माकडं काय, दुसरी मिळतील."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः करायचं आणि नामानिराळं व्हायचं, ही काही जगात नवी गोष्ट नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि वर त्या फाशीवर लेख लिहायचा, हे जरा अतीच होतं. तिने तोंडाला येईल ते ऐकवलं. सर शांतपणे ऐकत राहिले. समोरचा चिडला की सर अधिकच शांत व्हायचे, हे त्यांचं खास हत्यार होतं. "तू फार गुंतलीयस त्यांच्यात," ते शेवटी म्हणाले. "अभ्यास करणाऱ्याने गुंतू नये."

ती पालिकेत गेली. तिथल्या अधिकाऱ्याच्या घरातून माकडांनी आदल्याच दिवशी अंडी पळवली होती, त्यामुळे तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

"तुम्ही म्हणता एक, तुमचे सर म्हणतात दुसरंच," तो म्हणाला. "मी कोणाचं धरू? सर एवढे मोठे माणूस. आणि सहकार्य किती आहे त्यांचं! पकडणारे लोक म्हणत होते, माकडं जवळ येऊ देत नाहीत म्हणून. तर सर म्हणाले, आमच्या शर्टांना ती भीत नाहीत, आमचे शर्ट घेऊन जा. उद्या सकाळीच जाताहेत."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. पायऱ्या उतरून ती संस्थेकडे पळतच गेली. मागच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्यावर एक पिवळा शर्ट असायचा. सगळे खिळे रिकामे होते.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिने त्या खिळ्यांकडे बघून ओळखलं. चार वर्षं खपून त्या जनावरांना एकच गोष्ट शिकवली होती, की या कपड्यातला माणूस तुम्हाला काही करणार नाही. आणि आता तोच कपडा घालून त्यांच्या मानेत फास टाकायला माणसं जाणार होती. थोरली उठून पळणार नव्हती. ती येऊन पाठ करून बसणार होती!

संध्याकाळी दादा घरी आला तो खुशीत. "आज दुकानातल्या सगळ्या वळवायच्या कड्या खपल्या. लोक खिडक्यांना नव्या कड्या लावताहेत."

"तुझी चंगळ आहे," ती म्हणाली. "माकडं मरू देत, तुझ्या कड्या खपू देत."

"माझ्यावर कशाला घसरतेस? कडी मी विकली. पेटीला मी नाही लावली."

ती अजूनच भडकली आणि उठून मागच्या अंगणात गेली. दोरीवर तिचा स्वतःचा पिवळा शर्ट वाळत होता. राग आला म्हणून धुतलेला, म्हणून तेवढा सरांच्या हाती न लागलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. वहिनी मागून येऊन उभी राहिली.

"वहिनी, कडी उघडायला त्यांना कित्येक महिने लागले," ती म्हणाली. "पण भीती एका दिवसात शिकता येते. एका दगडात."

"म्हणजे?"

"पोरांना मारून उपयोग नाही. ती ओरडली तर कोणी ऐकत नाही. फौजदाराला मारलं तर तो एकटाच पळेल. थोरली घाबरली, तरच सगळी घाबरतील. आणि मारणाऱ्याच्या अंगावर हा शर्ट पाहिजे."

वहिनी म्हणाली, "दुसरं कोणी जाऊ दे की."

"दुसऱ्या कोणाला ती इतक्या जवळ येऊ देईल?"

सकाळी उजाडताच ती टेकडीवर पोचली. माकडं खडकांवर ऊन खात होती. तिला बघून कोणी हललं नाही. एका पिल्लाने तेवढी उडी मारली आणि आईने त्याला शेपटीला धरून परत ओढलं. थोरली नेहमीसारखी संथपणे आली, शेजारी बसली, पाठ केली आणि मांडी खाजवू लागली.

तिने दगड आधीच हातात घेतला होता. पाठ करून बसलेल्या म्हातारीला दगड मारायचा, ही काही सोपी गोष्ट नाही. तुम्ही करून बघा. ती आधी उभी राहून ओरडली. थोरलीने मान वळवून बघितलं, बस. हिला काही झालंय का, असं बघितलं. तिने एक दगड बाजूला फेकला. थोरली उठली, त्या दगडाकडे गेली, उचलून हुंगला. खायचं काही असेल असं वाटलं तिला! चार वर्षांत हिने कधी काही दिलं नव्हतं, आज देतेय असं वाटलं!

मग मात्र तिचा संताप अनावर झाला. कोणाचा संताप ते विचारू नका, सगळ्यांचाच. सरांचा, पालिकेचा, त्या कडीचा, स्वतःच्या अकलेचा, आणि दगड हुंगत बसलेल्या या मूर्ख म्हातारीचासुद्धा. "पळ ना!" ती किंचाळली आणि नेम धरून मारला. दगड मांडीवर बसला. थोरली ओरडली, तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता, ना दुखण्याचा ना रागाचा. लंगडत ती खडकावर चढली, तिथे थांबून एकदा मागे वळली, आणि मग तिने ती भुंकल्यासारखी हाक दिली. एका क्षणात सगळी टोळी उठली. ती त्यांच्या मागे धावत होती, हाताला लागेल ते फेकत होती, पिल्लं पोटाशी घेऊन पळणाऱ्या आयांवरही. दगड माकडांना लागत होते आणि शिव्या सरांना. शेवटी खडक रिकामे झाले. वरच्या सुळक्याकडून थोरलीची हाक येतच राहिली.

पकडणारे थोड्याच वेळात आले. सगळे पिवळ्या शर्टांत. मुकादमाच्या पोटावर गुंड्या लागत नव्हत्या. ती झाडीत बसून बघत होती. ते जिकडे वळले तिकडे सुळक्यावरून हाक आली आणि फांद्या हलल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पिंजऱ्यात शेवटी एक भटकं कुत्रं तेवढं सापडलं, आणि ते मुकादमाच्या हाताला कडकडून चावलं. पकडणारे सामान गुंडाळून निघून गेले. तोवर गावातल्या बहुतेक खिडक्यांना नव्या कड्या लागल्या होत्या, माकडांचं येणं आटलं आणि लोकांचा राग भलतीकडे, नळाच्या पाण्याकडे वळला.

आणि श्रेय कोणाला? सरांना! कड्या बदलण्याचा शास्त्रीय सल्ला सरांनी दिला, असं वर्तमानपत्रात फोटोसकट आलं. तिने तो अंक दोनदा वाचला आणि घरातले पडदे काढून धुवायला घेतले. लेखावर नाव घालू नका, असं तिने सरांना निक्षून सांगितलं होतं. सर म्हणाले, "जशी तुझी इच्छा," आणि तिच्या जागी दुसऱ्या कोणाचं तरी घातलं.

तरी टोळी वाचली होती. सगळी, एकही कमी नाही. या एका गोष्टीवर ती ते सगळं गिळत होती. आता तिला फक्त थोरलीला बघायचं होतं. पाय बरा झाला का, तेवढंच. मनात तिने हिशेब पक्का केला होता. दगड शर्टाने मारला होता. भीती शर्टाची बसली असणार. तेव्हा शर्ट घालायचा नाही, साधा निळा कुडता घालायचा, लांब बसायचं आणि लागलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एक वर्ष नुसतं बसायचं तिला काही नवीन नव्हतं.

दुपार कलल्यावर ती टेकडी चढली. वळणावर आली आणि जागीच थांबली. खडकावर सर बसले होते. अंगात पिवळा शर्ट. आणि त्यांच्या चहूबाजूंना माकडं! फौजदार पाय पसरून झोपला होता. दोन पिल्लं सरांच्या बुटाच्या नाडीशी खेळत होती. थोरली थोड्या अंतरावर, सरांकडे पाठ करून, शांतपणे मांडी खाजवत होती.

तिला काही कळेना. शर्ट तर तोच! ती एक पाऊल पुढे आली. थोरलीने मान वर केली. निळ्या कुडत्याकडे तिने बघितलंच नाही, सरळ तोंडाकडे बघितलं. आणि हाक दिली.

खडक क्षणात रिकामा झाला. पिल्लं आयांच्या पोटाला चिकटली, सगळी टोळी झाडांच्या शेंड्यांवर गेली आणि तिथून एकसारखी तिच्याकडे बघून ओरडत राहिली. सरांकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

तेव्हा तिला कळलं. शर्ट त्यांनी कधी बघितलाच नव्हता. चार वर्षं माकडं तोंडं बघत होती. शर्ट न घालता संस्थेतलं कोणी कधी टेकडीवर आलंच नव्हतं, मग हे कळणार कसं? नवा माणूस आला की तिच्याबरोबर यायचा, तिच्या शेजारी बसायचा, म्हणून टोळी त्याला चालवून घ्यायची. सगळ्यांनी श्रेय शर्टाला दिलं होतं. म्हणजे तो ढेरपोट्या मुकादम शर्ट घालून आला असता, तरी थोरलीने त्याला लांबूनच ओळखलं असतं, की हा आपला नाही. तो तिच्या जवळपासही पोचला नसता. दगड मारायची काही गरज नव्हती. एकाही दगडाची नव्हती.

"अगं, यांना झालं काय?" सर उठून उभे राहिले. "तू काय केलंस त्यांना?"

तिने सांगितलं. आवाज चढवून, शब्द न गाळता सांगितलं. तुमचे शर्ट, रिकामे खिळे, दगड, सगळं. सरांच्या चेहऱ्यावर लाज येईल म्हणून ती बघत होती. आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी स्वतःच्या शर्टाकडे बघितलं, मग तिच्या निळ्या कुडत्याकडे, मग झाडांच्या शेंड्यांकडे. आणि हळूहळू त्यांचे डोळे चमकू लागले.

"म्हणजे शर्ट नव्हेच," ते पुटपुटले. "चेहरा! कपडा बदलला तरी चेहरा ओळखला, आणि कपडा तोच असूनही मला... अगं, केवढी गोष्ट सापडलीय आपल्याला!"

तिच्या पायाशी चांगला मुठीएवढा धोंडा पडला होता. ती वाकली. वरून थोरली पुन्हा ओरडली, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि अख्खी टोळी अजून वरच्या फांद्यांवर सरकली. एका पिल्लाचा हात सुटला आणि आईने ते कसंबसं झेललं. तिने धोंड्याला हात न लावता पाठ सरळ केली. वळली आणि टेकडी उतरू लागली. ती लांब जाऊ लागली तशी वरची ओरड कमी कमी होत गेली.

"उत्तम!" मागून सरांचा आवाज आला. "फक्त एकदा झालं तर लोक योगायोग म्हणतील. खालच्या वळणापर्यंत जा आणि तशीच परत ये!"